ध्वनिक्षेपकाचा आकार आणि स्वरांची वाटणी

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यास कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हा विचार गणिताच्या आधारे मांडणारा पोलिश ज्योतिर्विद कोपर्निकस १४७३ साली जन्मला. त्याचे हे स्मरण होय. रस्ता फार लांब नाही. तथापि ध्वनीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास येथे तीन निरनिराळी उदाहरणे एकमेकांच्या शेजारी सापडतात. पहिले उदाहरण १९७१ साली सुरू झालेल्या कमानी सभागृहाचे. चहूबाजूंनी बंदिस्त अशा या विस्तीर्ण वास्तूत शेकडो श्रोते एकत्र बसून गायन ऐकतात. दुसरे उदाहरण १९६१ साली बांधलेल्या रवींद्र भवनाच्या आवारातील मेघदूत या खुल्या रंगमंचाचे. तेथे उमटलेला स्वर आकाशात निघून जातो, तो परत येत नाही. तिसरे उदाहरण दूरदर्शनच्या इमारतीचे. तेथील कार्यक्रम ऐकले जातात ते मात्र देशभरच्या लहानमोठ्या घरांत, बारा-पंधरा फुटी खोल्यांत. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्यामुळे दिल्लीस जाणाऱ्या अनेक मराठी मंडळींस हा परिसर ओळखीचा आहे.

असे समजू या की, एका कुटुंबाने कमानी सभागृहात गायनाची एक मैफल ऐकली. घरी परतल्यावर तोच आनंद आपल्या बैठकीच्या खोलीत मिळावा असे त्यांस वाटले. सभागृहातील ध्वनिक्षेपक मोठे होते, म्हणून त्यांनीही परवडतील तेवढे मोठे ध्वनिक्षेपक विकत आणले. परिणाम विपरीत झाला. चित्रपटातील स्फोटाबरोबर कपाटाच्या काचा थरथरू लागल्या, खालच्या मजल्यावरील शेजारी तक्रार घेऊन वर आले; आणि ज्या आजींसाठी मुख्यतः हा खर्च केला त्यांस नाटकातील संवादच कळेनात. दोष यंत्राचा नव्हता. कोणत्या ध्वनिक्षेपकाने कोणते स्वर वाजवावेत याची वाटणी चुकली होती. ही वाटणी कोणत्या नियमांनी करावी हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

१. स्वराची लांबी

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाचे तरंग. दर सेकंदास होणाऱ्या कंपांची संख्या हर्ट्‌झ या एककात सांगतात. निरोगी तरुण माणसाच्या कानास सुमारे २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. या वेगास कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते.

हा साधा भागाकार पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. २० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी १७ मीटरहून अधिक भरते, म्हणजे तो तरंग सामान्य खोलीत मावतच नाही. ८० हर्ट्‌झचा तरंग सुमारे ४.३ मीटर, १,००० हर्ट्‌झचा सुमारे ३४ सेंटिमीटर, तर १०,००० हर्ट्‌झचा केवळ साडेतीन सेंटिमीटर असतो. एकाच गाण्यात खोलीएवढे आणि बोटाच्या पेराएवढे तरंग एकाच वेळी उमटत असतात. ही दोन्ही कामे एकाच उपकरणाने सारख्याच चोखपणे करावीत अशी अपेक्षा करणे म्हणजे घणानेच घड्याळही दुरुस्त करू पाहणे होय.

आपल्या संगीतातील उदाहरण घ्यावयाचे तर, पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो. एक सप्तक खाली गेले की कंपनसंख्या निम्मी होते. म्हणून त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर कंप पावते. परंतु त्या तारेतून मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे अनेक उपस्वर निघतात आणि तानपुऱ्याची ओळख मुख्यतः त्यांच्यावरून पटते. मूळ स्वर क्षीण झाला तरी उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. मृदंग व तबला यांच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर तंतुवाद्यांप्रमाणे सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते. तात्पर्य, वाद्याचा खरा नाद ऐकू यावयाचा तर खालचा मूळ स्वर आणि वरचे उपस्वर, दोन्ही योग्य प्रमाणात कानापर्यंत पोचले पाहिजेत.

२. शंकू आणि त्याचे श्रम

आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांची मूळ रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेप्रमाणे आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते, त्यास कागदाचा वा तत्सम हलक्या पदार्थाचा शंकू जोडलेला असतो. वेटोळ्यातील विद्युत्‌प्रवाह बदलला की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा ढकलतो.

शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या तर खालच्या स्वरांत हे दोन परिणाम एकमेकांस मारून टाकतात. जुन्या रेडिओतील सुटा ध्वनिक्षेपक हातात धरून वाजवावा, नंतर मोठ्या पुठ्ठ्यास त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर घट्ट धरावा. आवाज एकदम भरदार झालेला आढळेल. ध्वनिक्षेपकास पेटीत बसविण्याचे कारण हेच.

आता आकाराचा प्रश्न. स्वर एक सप्तक खाली नेऊन त्याचा जोर तेवढाच राखावयाचा असेल, तर शंकूने हलविलेल्या हवेचे घनफळ चौपट करावे लागते. चार इंची ध्वनिक्षेपकाच्या शंकूचा उपयुक्त व्यास सुमारे ८ सेंटिमीटर धरू. ८० हर्ट्‌झच्या एखाद्या स्वरासाठी तो मध्यस्थितीपासून १ मिलिमीटर हलत असेल, तर तितक्याच जोराच्या ४० हर्ट्‌झच्या स्वरासाठी त्यास ४ मिलिमीटर आणि २० हर्ट्‌झसाठी १६ मिलिमीटर हलावे लागेल. इतक्या लहान शंकूस हे झेपणारे नाही. तो आपल्या मर्यादेवर आदळतो, स्वर फाटतो, आणि त्याच वेळी तो वाजवीत असलेले इतर स्वरही गढूळ होतात. उलट बारा इंची ध्वनिक्षेपकाच्या शंकूचा उपयुक्त व्यास सुमारे २५ सेंटिमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ चार इंचीच्या जवळजवळ दहापट असल्याने तेच २० हर्ट्‌झचे काम तो दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या हालचालीत उरकतो. खालच्या स्वरांस मोठा शंकू लागतो तो या कारणाने.

३. मोठ्या शंकूची उणीव

मग सर्वच स्वर मोठ्या शंकूकडे का सोपवू नयेत? तरंगलांबी शंकूच्या व्यासापेक्षा पुष्कळ मोठी असते तोवर ध्वनी सर्व दिशांस सारखा पसरतो. ती व्यासाएवढी लहान झाली की ध्वनी विजेरीच्या झोताप्रमाणे समोरच एकवटतो. २५ सेंटिमीटर व्यासाच्या शंकूच्या बाबतीत हे १,४०० हर्ट्‌झच्या आसपास घडते. ६ इंची ध्वनिक्षेपकाच्या १३ सेंटिमीटर व्यासाच्या शंकूच्या बाबतीत सुमारे २,६०० हर्ट्‌झला. अशा वेळी मधल्या खुर्चीवर बसलेल्यास शब्द स्पष्ट ऐकू येतात, पण कडेच्या दिवाणावर बसलेल्या आजींच्या वाट्यास बोथट आवाज येतो. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख २,००० हर्ट्‌झच्या वरील ध्वनींवर बरीचशी अवलंबून असते. तेच हरवले म्हणजे आवाज मोठा असूनही संवाद कळत नाही. वयोमानाने वरचे स्वर ऐकण्याची शक्ती आधीच कमी झालेली असते, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी.

शिवाय मोठा शंकू जड असतो. सेकंदास दहा हजार वेळा मागेपुढे होणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून वरच्या स्वरांसाठी एक इंचाएवढा हलका घुमट वापरतात. त्यास बाजारात ट्वीटर म्हणतात, आणि खालच्या स्वरांच्या शंकूस वूफर. केवळ अतिखालच्या स्वरांसाठी वेगळी पेटी असते, ती सबवूफर.

४. विभाजक

कोणते स्वर कोणाकडे जावेत हे ठरविणाऱ्या विद्युत्‌मंडलास विभाजक म्हणता येईल. व्यवहारात क्रॉसओव्हर हाच शब्द रूढ आहे. ज्या कंपनसंख्येवर एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते तो विभाजनबिंदू.

ही सीमा भिंतीप्रमाणे उभी नसते, उतारासारखी असते. अगदी साध्या विभाजकात बिंदूपलीकडे दर सप्तकाला ६ डेसिबेलने जोर घटतो. अधिक चढत्या रचनेत १२ किंवा २४ डेसिबेलने. उतार सौम्य असेल तर दोन्ही ध्वनिक्षेपक पुष्कळ स्वर एकत्र वाजवितात आणि काही जागी त्यांचे तरंग एकमेकांस खोडून काढतात. सिगफ्रीड लिंक्‌विट्‌झ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत, जीस त्यांच्या व रस रायली यांच्या नावाने ओळखतात, विभाजनबिंदूवर दोन्ही भागांचा जोर ६ डेसिबेलने कमी असतो व दोघांची कंपने एकाच ठेक्यात पडतात. त्यामुळे बेरीज बरोबर पूर्ण भरते. आजच्या अनेक यंत्रांतील विभाजन याच तत्त्वावर चालते.

वूफर व ट्वीटर यांमधील विभाजक कारखान्यातच पेटीत बसविलेला असतो. तो साधारण २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो व त्यास हात लावण्याचे कारण नाही. गृहस्थाने स्वतः ठरवावयाचा असतो तो दुसरा विभाजनबिंदू: मुख्य ध्वनिक्षेपक व सबवूफर यांमधला.

५. लार्ज आणि स्मॉल

घरगुती रिसीव्हरमध्ये प्रत्येक ध्वनिक्षेपकापुढे लार्ज किंवा स्मॉल यांपैकी एक शब्द निवडावा लागतो. हे शब्द फसवे आहेत. त्यांचा पेटीच्या उंचीशी वा किमतीशी संबंध नाही. लार्ज म्हणजे या ध्वनिक्षेपकाकडे अतिखालच्या स्वरांसह सर्व स्वर पाठवावेत; स्मॉल म्हणजे विभाजनबिंदूच्या खालचे स्वर काढून ते सबवूफरकडे वळवावेत. पुरुषभर उंचीची पेटी घेणाऱ्यास तिच्यापुढे स्मॉल लिहिणे अपमानकारक वाटते. पण सबवूफर असेल तर बहुधा तेच हितावह ठरते. मुख्य शंकूचे कष्ट वाचतात, वर्धकावरील भार उतरतो आणि मधले स्वर, म्हणजे मनुष्याचा आवाज, निर्मळ होतो.

आता बिंदू कोठे ठेवावा? पुष्कळ ठिकाणी ८० हर्ट्‌झ हा आरंभबिंदू सुचविलेला आढळतो, आणि त्यास आधार आहे. ध्वनी कोणत्या दिशेने आला हे आपण दोन कानांवर पडणाऱ्या तरंगांतील फरकावरून ओळखतो. ८० हर्ट्‌झचा तरंग ४.३ मीटर लांब, तर दोन कानांतील अंतर वीस सेंटिमीटरच्या आत. तेव्हा फरक अत्यल्प पडतो आणि बंद खोलीतील परावर्तने तोही पुसून टाकतात. त्यामुळे कोपऱ्यातील सबवूफर आपले ठिकाण उघड करीत नाही. शिवाय पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० हर्ट्‌झच्या आसपास वा वर असतो. बिंदू १८० किंवा २०० हर्ट्‌झवर नेला तर पडद्यावरील नटाचा आवाज अर्धा पडद्यातून आणि अर्धा कोपऱ्यातून येऊ लागतो. वर वर्णिलेल्या घरात घडलेल्या चुकांपैकी ही एक असू शकते.

ध्वनिक्षेपकाच्या खालच्या मर्यादेच्या सुमारे दीडपट विभाजनबिंदू ठेवणे हा सुरक्षित ठोकताळा होय. पाच-सहा इंची वूफरची, ५०-५५ हर्ट्‌झपर्यंत पोचणारी पेटी असेल तर ८०. जमिनीवर उभी राहणारी, ४० पर्यंत उतरणारी पेटी असेल तर ६० किंवा ८०. तीन-चार इंची शंकूच्या छोट्या पेट्या बहुधा १०० च्या खाली टिकत नाहीत. त्यांस १२० ते १५० द्यावा लागतो, आणि मग सबवूफर समोरच, दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवणे श्रेयस्कर.

१९९२ पासून चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत पाच पूर्ण मार्गांशिवाय स्फोट, गडगडाट इत्यादींसाठी एक वेगळा मार्ग असतो. तो १२० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर वाहतो. त्याची यंत्रातील स्वतंत्र मर्यादा १२० वरच राहू द्यावी. मुख्य विभाजनबिंदूशी तिची गल्लत करू नये. तसेच सबवूफरच्या पाठीमागेही विभाजनाची एक खुंटी असते. रिसीव्हर वाटणी करीत असेल तर ती खुंटी शेवटच्या आकड्यावर न्यावी, नाहीतर एकाच गाळणीतून दोनदा गाळल्यासारखे होऊन मधले काही स्वर नाहीसे होतात.

६. सभागृह आणि खोली

आरंभीच्या कुटुंबाने सभागृहाचे अनुकरण केले, ते का फसले? मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबेलने घटतो. रंगमंचापासून २० मीटरवरील श्रोता आणि घरी अडीच मीटरवरील श्रोता यांच्या अंतरांत आठपट भेद आहे. म्हणजे १८ डेसिबेल, शक्तीच्या भाषेत चौसष्टपट. बंदिस्त सभागृहात परावर्तनांमुळे हा फरक काहीसा कमी होतो, परंतु प्रेक्षकांची वस्त्रे व खुर्च्यांच्या गाद्या ध्वनी शोषूनही घेतात. सभागृहास मोठे ध्वनिक्षेपक लागतात ते या कारणाने. घराची गरज त्याच्या अल्पांशाने भागते.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाची अर्धी लांबी नेमकी बसते, तो तरंग तेथे अडकून घुमतो. यास स्थिर तरंग म्हणतात. ४.८ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत असे पहिले घुमारे अनुक्रमे ३६, ४८ व ५७ हर्ट्‌झच्या सुमारास येतात. तीस मीटरच्या सभागृहात पहिला घुमारा सहा हर्ट्‌झच्याही खाली, म्हणजे कानाच्या मर्यादेबाहेर पडतो. आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्यात असंख्य घुमारे दाटीने येत असल्यामुळे एकही वेगळा जाणवत नाही. मेघदूतसारख्या खुल्या रंगमंचावर तर छतच नसल्याने ही अडचण फारशी उद्भवत नाही. घरच्या खोलीत मात्र सुमारे २०० हर्ट्‌झच्या खाली प्रत्येक घुमारा स्वतंत्रपणे डोके वर काढतो. त्यामुळे एका खुर्चीवर डग्गा ढणढणतो, तर हातभर अंतरावरील दुसऱ्या खुर्चीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे घुमारे एकावर एक पडतात, म्हणून ती या कामी सर्वांत वाईट.

यावर सोपा उपाय आहे. सबवूफर क्षणभर ऐकणाऱ्याच्या आसनावर ठेवावा, खालच्या स्वरांचे संगीत लावावे, आणि भिंतीच्या कडेने वाकून फिरत कोठे स्वर समतोल ऐकू येतात ते पाहावे. जेथे ते बरे वाटतील तेथे सबवूफर हलवावा. उगम व श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यातील ध्वनिसंबंध तोच राहतो, या तत्त्वावर ही युक्ती आधारलेली आहे. नेमक्या कोपऱ्यात सर्व घुमारे एकदम चेतविले जातात. तेथे आवाज मोठा होतो, पण चांगला होतोच असे नाही.

७. मांडणीचा क्रम

प्रथम ध्वनिक्षेपकांच्या जागा निश्चित कराव्यात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. मधला ध्वनिक्षेपक संवादांचा असतो, म्हणून खर्चात काटकसर करावयाची झाल्यास ती मागच्या ध्वनिक्षेपकांत करावी, मधल्यात करू नये. जुने मराठी चित्रपट आणि नाट्यगीतांची मुद्रणे ऐकणाऱ्यांस हे विशेष लागू आहे, कारण त्यांत सबवूफरला फारसे काम नसते. त्यानंतर सर्व ध्वनिक्षेपकांस स्मॉल ठरवून विभाजनबिंदू द्यावा. मग प्रत्येकाचे आसनापासूनचे अंतर यंत्रात भरावे. ८० हर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी सुमारे २.१ मीटर असते. दोन मार्गांत तेवढा फरक राहिला तर विभाजनबिंदूवर दोन ध्वनिक्षेपक एकमेकांविरुद्ध काम करतात. सबवूफरवर ० व १८० अंश अशी कळ असते. ८० हर्ट्‌झचा स्वर लावून ज्या बाजूस तो अधिक भरदार ऐकू येईल तेथे ती ठेवावी. अखेरीस सर्वांचे आवाज आसनापाशी सारखे करावेत. सबवूफर वाजतो आहे हे वेगळे कळू नये, आणि बंद केला तर उणीव जाणवावी. इतपत जुळले की काम झाले.

८. भिंतीपलीकडे

खालच्या स्वरांचा एक सामाजिक प्रश्नही आहे. साध्या भिंतीची ध्वनी अडविण्याची शक्ती कंपनसंख्या निम्मी झाली की सुमारे ६ डेसिबेलने घटते. म्हणून शेजाऱ्यास संवाद ऐकू येत नाहीत, केवळ धडधड पोचते. रात्री आवाज लहान केला की खालचे स्वर कानास अधिकच मंद वाटतात. मंद ध्वनीच्या बाबतीत कान खालच्या स्वरांस कमी संवेदनशील असतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले. मग ऐकणारा नकळत सबवूफर वाढवितो, आणि त्याचे मूल्य शेजारी झोपमोडीने चुकवितो. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. सबवूफरखाली जाड रबराचे वा फेसाचे आसन घालावे, रात्री त्याचा जोर उतरवावा.

त्या कुटुंबाने दोन मोठ्या पेट्या परत केल्या असत्या, मधला ध्वनिक्षेपक आजींच्या दिवाणाकडे किंचित वळविला असता आणि विभाजनबिंदू ८० वर आणला असता, तर कमी खर्चात अधिक समाधान लाभले असते. ध्वनिक्षेपक खरेदी करण्यापूर्वी टेप घेऊन खोली मोजावी, हा या पाठाचा सारांश होय.

प्रश्न व प्रयोग

१. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. ३४३ या संख्येस प्रत्येक मापाच्या दुपटीने भागून पहिले तीन घुमारे काढा.

२. सहा इंची ध्वनिक्षेपकाच्या शंकूचा उपयुक्त व्यास १३ सेंटिमीटर व बारा इंचीचा २५ सेंटिमीटर असल्यास त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर किती?

३. एका पेटीची खालची मर्यादा ७० हर्ट्‌झ आहे. तिच्यासाठी कोणता विभाजनबिंदू निवडाल? कारण सांगा.

४. एकाच ध्वनिक्षेपकासमोर बसून व नंतर बाजूस उभे राहून बातम्या ऐका. कोणती अक्षरे अस्पष्ट होतात त्यांची यादी करा.

५. ग्रंथालयाच्या वाचनकक्षाशेजारी श्रवणकक्ष करावयाचा झाल्यास खालच्या स्वरांसंबंधी कोणती काळजी घ्यावी लागेल?